काचेच्या टाकीतील कासव आणि साल्मोनेला

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि वडोदऱ्याच्या वस्त्यांत मगरी शिरल्या. हीच नदी पुढे करजण तालुक्यातील पिंगलवाड्याजवळ ढाढरला मिळते. तिच्या काठच्या लोकांना मगरीचा शेजार नवा नाही. कुंभारजुवे कालव्यामुळे आपल्यालाही तो परिचित आहे. मगरीपासून दूर राहावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. हे भान सुटते ते दिवाणखान्यातील काचेच्या टाकीपाशी.

मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारे, कानाशी लाल पट्टा असलेले छोटे कासव मूळचे अमेरिकेतील. कासव पाळल्याने घरात लक्ष्मी येते, अशी अनेकांची श्रद्धा असते. लक्ष्मीचे ज्याचे त्याने पाहावे. साल्मोनेला मात्र येऊ शकतो. कासव, सरडे, साप यांच्या आतड्यांत हे जिवाणू सहज वास करतात आणि तरीही प्राणी ठणठणीत दिसतो. विष्ठेवाटे ते सतत नव्हे, तर अधूनमधून बाहेर पडतात. त्यामुळे एका तपासणीत न आढळल्याने कासव निर्धोक ठरत नाही. त्याला प्रतिजैविके देऊनही उपयोग होत नाही, उलट औषधांना न जुमानणारे जिवाणू बळावतात.

विष्ठा पाण्यात मिसळते, पाणी कवचाला लागते, कवच हाताला आणि हात तोंडाला. कासवाला कधीही न शिवलेले तान्हे मूलही आजारी पडू शकते, कारण टाकी ज्या मोरीत धुतली, तिथेच त्याची दुधाची बाटली धुतली जाते. लहान मुले छोटी कासवे तोंडात घालतात, हे पाहून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांपेक्षा कमी लांबीच्या कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. या बंदीमुळे मुलांमधील वर्षाकाठी सुमारे 1 लाख संसर्ग टळले, असा तेथील अंदाज आहे.

संसर्गानंतर साधारण 6 तास ते 6 दिवसांत ज्वर, जुलाब आणि पोटात कळा सुरू होतात. बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि क्षीण प्रतिकारशक्तीचे रुग्ण यांच्यात मात्र जिवाणू रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. अशी माणसे असलेल्या घरात कासव नसणेच बरे. तारांकित कासवासारख्या देशी प्रजाती पाळणे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये गुन्हाच आहे.

नकोसे झालेले परदेशी कासव तळ्यात सोडू नये. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. ते घरात असेतोवर टाकी स्वयंपाकघराबाहेर धुवावी, हात साबणाने स्वच्छ करावेत, त्याचे मुके घेऊ नयेत. आणि मुलाला जुलाब झाले, तर घरात कासव आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. बाहेर काय खाल्ले हे ते विचारतात, टाकीबद्दल विचारतीलच असे नाही.