नकाशावरचे मैदान

दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जो सायंकाळी घटकाभर बसला असेल, त्याला सार्वजनिक मैदानाची महती निराळी सांगावी लागत नाही. लाल मातीत एकमेकांना खेटून पाच-सहा डाव रंगलेले असतात. एका डावातला चेंडू दुसऱ्यात शिरतो, आणि तिथला क्षेत्ररक्षक आपला खेळ क्षणभर थांबवून तो अनोळखी मुलाकडे मुकाट्याने परत फेकतो. कट्ट्यावर चपला काढून, पाय वर घेऊन बसलेल्या वृद्धांना कोणी तिकीट विचारीत नाही. मुंबई महानगरपालिकेने १९२५ साली हे मैदान निर्माण केले. त्याचे माहीम पार्क हे मूळ नाव १९२७ साली पालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने बदलले. चाळीतल्या खोलीत ज्याला हातपाय पसरता येत नाहीत, त्याचे अंगण सरकारने राखावयाचे असते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.

कायद्याने मात्र हे ऋण अर्धवटच मान्य केले आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात मलनिस्सारण आवश्यक कर्तव्यांत मोडते, तर उद्याने व क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांत. म्हणजे तिजोरीत शिल्लक उरली तर बाग. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत त्यांचा स्पष्ट उल्लेख केला, ही समाधानाची गोष्ट. परंतु खरी मेख जमिनीत आहे. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित केलेली खाजगी जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या विहित मुदतीतही कारवाई न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. मालकाने आपली मिळकत किती काळ अडकवून ठेवावी? त्याची तक्रार रास्तच आहे. मैदान बुडते ते दप्तरदिरंगाईने.

जिथे जमीन सरकारच्या हाती असते, तिथेही निर्धास्त राहता येत नाही. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेला भूखंड एका खाजगी शुश्रूषागृहासाठी देण्यात आला, तेव्हा त्या वस्तीतले रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरविले, आणि ज्यांचे उद्यान हिरावले जाते त्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, हेही मान्य केले.

आपल्या प्रभागाचा विकास आराखडा पालिकेत मागून पाहता येतो. त्यावरची मैदानाची चौकट नीट लक्षात ठेवावी, आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन त्या जागी जावे.