मोटारीची नाडी

पूर्वी मिस्त्री इंजिनाला कान लावीत असे. आता तो आधी डॅशबोर्डाखाली हात घालतो. तेथे सोळा पिनांचे सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलांपासून ते सक्तीचे झाले. किल्ली काढली तरी त्यातील सोळाव्या पिनेत बॅटरीची वीज असतेच, हे ध्यानात ठेवावे.

हातब्रेक ओढून, इग्निशन बंद असतानाच तपासणी-यंत्राचा प्लग सरळ बसवावा. तिरका रेटल्यास पिना वाकतात. मग किल्ली फिरवावी. इंजिन चालवायचेच असेल तर मोटार उघड्यावर घ्यावी. बंद गॅरेजात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी जातो.

यंत्र ‘पी ०३००’ असे दाखवते, म्हणजे सिलिंडरांत पेट नीट होत नाही, इतकेच. प्लग, कॉइल की इंधन, ते माणसानेच शोधायचे.

आम्ही एकदा दिवा घालवण्याच्या हौसेने नोंदी पुसल्या. त्यांबरोबर बिघाडाच्या क्षणाची इंजिनाची स्थितीही पुसली गेली. “आता मी वाचू काय?” मिस्त्रीने विचारले. आम्ही गप्प! तेव्हा आधी सारे कागदावर उतरवावे. आणि काम होताच यंत्र काढावे. विसरल्यास ते बॅटरी पीत बसते.