ताटातलं विज्ञान (भाग ९) : तिळगूळ द्या, पण विचारून

दुधावरच्या मागच्या भागात 'पचत नाही' आणि 'ॲलर्जी आहे' यांतला फरक पाहिला होता. तो आता लगेच कामाला येणार, कारण संक्रांत तोंडावर आली आहे आणि बंगळुरातल्या के. आर. पुरममधल्या आमच्या इमारतीत ती दोनदा होते. सकाळी तळमजल्यावरच्या कन्नड आजी ताट घेऊन दारोदार फिरतात. त्यात पांढरे तीळ, शेंगदाणे, डाळं, कातरलेलं सुकं खोबरं आणि गुळाचे खडे एकत्र कालवलेले असतात. हा एळ्ळु-बेल्ला. सोबत उसाचं कांडकं, केळं आणि साच्यातून काढलेली साखरेची चित्रं, म्हणजे सक्करे अच्चु. तीळगूळ खा आणि चांगलं बोला, हे आपलंच वाक्य त्या कानडीत म्हणतात. संध्याकाळी मराठी घरांची हळदीकुंकवं सुरू होतात, ती थेट रथसप्तमीपर्यंत.

यंदा तिसऱ्या मजल्यावर बोरन्हाण आहे. कोल्हापूरकडचं कुटुंब, मुलगा दोन वर्षांचा. पावसाळ्यात इडलीवर भुरभुरलेली चटणीपुडी त्यानं चाखली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. पुडीत तीळ होते. पुढे तपासणीत डॉक्टरांनीही तिळाचंच नाव घेतलं.

तिळाची ॲलर्जी ऐकून आपल्याकडे लोक हसतात. तीळ उष्ण असतो, जास्त खाल्ला तर बाधतो, एवढंच आपल्याला ठाऊक. पण ॲलर्जीत उष्ण-थंडाचा संबंध नाही आणि 'जास्त'चाही नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था तिळातल्या ठरावीक प्रथिनांना शत्रू समजून बसलेली असते. ती प्रथिनं भाजल्यानं नष्ट होत नाहीत, उलट चांगली टिकाऊ असतात. म्हणून खमंग भाजलेला तीळही तितकाच धोक्याचा. तेलाचंही तेच. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण तिळाचं तेल बहुधा घाण्याचंच असतं, आणि बंगळुरात सध्या लाकडी घाण्याच्या तेलाचं मोठं कौतुक आहे. पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, अनेक घरांत तिळाची पूड आणि तिळाचं तेल घालून होतो, आणि देवळात प्रसाद म्हणून द्रोणात पडतो तोही हाच. आपल्या बाजूनं मोजायचं तर गूळपोळी, भोगीची तीळ लावलेली भाकरी, चकली, कुणाकुणाकडे करंजीचं सारण.

मग पाकिटावर वाचून घ्यावं, असं कुणी म्हणेल. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांत ॲलर्जीचे पदार्थ वेगळे जाहीर करायला सांगितले आहेत : ग्लूटेन असलेली धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट. यादीत तीळ नाही. घटकांच्या बारीक छपाईत तो सापडेल, पण खालच्या ठळक इशाऱ्यात असेलच असं नाही. अमेरिकेनं १ जानेवारी २०२३पासून तीळ नववा प्रमुख ॲलर्जन म्हणून सक्तीचा केला. ब्रिटनमधली नताशा एडनान-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली दुकानातून घेतलेल्या सँडविचच्या पावातल्या तिळानं गेली, कारण वेष्टनावर तीळ लिहिलेला नव्हता. तिच्या नावानं ओळखला जाणारा कायदा तिथे ऑक्टोबर २०२१मध्ये लागू झाला. तिळावर अख्खा सण उभा असलेल्या देशात तीळच यादीबाहेर राहावा, हे मला खटकतं. अर्थात शेजारच्या आजींच्या ताटाला कोणताच कायदा लेबल लावायला सांगत नाही. तिथे बोलावंच लागतं.

आणि बोलण्यातच घोटाळा आहे. मुलाच्या आईनं आजींना सांगितलं, "मगूगे एळ्ळु आगल्ल." बाळाला तीळ सोसत नाही. आजी म्हणाल्या, "मग थोडासाच देते." त्यांचं काय चुकलं? कानडीतलं 'आगल्ल' काय किंवा मराठीतलं 'सोसत नाही' काय, दोन्ही शब्द पोट बिघडण्यापुरतेच ऐकू येतात. आमच्या मराठी काकूंनी तर "अगं, एक दाणा, सणाचा!" म्हणून हातही पुढे केला होता. मग आईनं वाक्य बदललं. "तिंदरे उसिरु कट्टुत्ते." खाल्लं तर श्वास कोंडतो. आजींनी तो विचार सोडला तो लगेच.

ॲलर्जीच्या या भीतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. म्हैसूरच्या डॉ. पी. ए. महेश आणि सहकाऱ्यांनी बंगळूर-म्हैसूरच्या प्रौढांवर केलेला अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, पण खाल्ल्यावर खरोखर त्रास होतो अशी संभाव्य ॲलर्जी निघाली फक्त १.२ टक्क्यांत. म्हणजे पॅकेज घेऊन शंभर पदार्थांची रक्ततपासणी करायची आणि कागदावर लाल आकडा दिसला की तीळ, शेंगदाणे, गहू सगळं बंद, हा उद्योग बहुतेकांसाठी फुकाचा. खाल्ल्यावर काय झालं आणि किती वेळात झालं, हे आधी. तपासणी नंतर.

आता बोरन्हाण. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हलवा ओतायचा आणि जमलेल्या पोरांनी तो लुटायचा. (जुन्या म्हैसूरकडच्या घरांतही संक्रांतीला मुलांवर बोरं ओततात, हे मला इथे येऊन कळलं.) काटेरी हलव्याच्या पोटात बहुधा तीळ असतो, नाहीतर खसखस, आणि तिळाची ॲलर्जी असलेल्या काहींना खसखसही बाधते. तीळ अंगाला लागला तर फार तर पुरळ उठेल. खरी भीती जमिनीवरचं उचलून तोंडात घालणाऱ्या हाताची. साबुदाण्याचा हलवा मिळतो, पण तो तिळाच्याच कढईत फिरवला का, हे करणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही. शेंगदाणे आणि टणक हलवा एवढ्या लहान मुलांत उधळूच नये. ते घशात अडकतात, त्याला ॲलर्जीही लागत नाही.

तरीही एखादा दाणा पोटात गेलाच तर? नुसती खाज किंवा चार गांधी असतील तर डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं औषध द्यावं आणि नजर ठेवावी. पण आवाज घोगरा झाला, छाती वाजू लागली, मूल एकदम मलूल पडलं, किंवा गांधींच्या जोडीला पुन्हा पुन्हा उलटी झाली, तर औषध एकच : ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेटिरिझिनसारखं ॲलर्जीचं औषध खाज थांबवतं, बंद होणारा श्वास उघडत नाही. परदेशातली पेनासारखी तयार सुई आपल्याकडे सहज हाती लागत नाही. म्हणून डॉक्टर १ मिलीची कुपी आणि सिरिंज लिहून देतात आणि भरायला शिकवतात. प्रमाण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. एका मिलीत एक मिलिग्रॅम असलेल्या कुपीतून १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली, पण आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडूनच सिरिंजवर खूण करून घ्यावा. इन्सुलिनची सिरिंज नको. तिची सुई आखूड, स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि तिच्यावरचे आकडेही वेगळे.

हे इंजेक्शन घरीच द्यायचं, रुग्णालयात पोचल्यावर नव्हे. संध्याकाळी सातला आमच्या भागातली टिन फॅक्टरीजवळची आणि झुलत्या पुलाखालची वाहनांची गर्दी ज्यानं पाहिली आहे त्याला कारण सांगायला नको. सुई टोचली की १०८ला फोन. तोवर मुलाला आडवं ठेवावं, पाय थोडे उंच. धाप लागली असेल तर टेकवून बसवावं, पण उभं करू नये, चालवू नये. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस, म्हणून कुप्या दोन हव्यात. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबायचंच, कारण लाट ओसरून पुन्हा येऊ शकते.

तिसऱ्या मजल्यावर यंदा चुरमुरे आणि बोरं ओतायचं ठरलंय. बोरन्हाणाला येणाऱ्या मुलांनी दारातच हात धुवायचे. दागिने साबुदाण्याच्या हलव्याचे, आईनं स्वतः घरच्या कढईत केलेले, थोडे वाकडेतिकडे. काल आजी वर आल्या त्या छोटा डबा घेऊन. तीळ भाजायला घेण्याआधी सक्करे अच्चु पाडून घेतले, साचे आधी उकळून काढले, असं त्यांनी दोनदा सांगितलं. डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर नातवाकडून लिहून घेतलं होतं, कानडीत आणि खाली मराठीत : तीळ नाही.