एकल बाई, परसातली कोंबडी आणि दोन गणना

2011 च्या जनगणनेत देशात 7.14 कोटी एकल महिला होत्या: विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अविवाहित. 2001 मध्ये हा आकडा 5.12 कोटी होता. दहा वर्षांत 39 टक्के वाढ. यातल्या 4.44 कोटी, म्हणजे 62 टक्के, खेड्यांत राहत होत्या. एकटेपणाची चर्चा मात्र शहरातल्या फ्लॅटपुढे क्वचितच सरकते. पण एकटेपणा श्रीमंतांपुरता नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत 24 टक्के लोकांना एकटेपणा जाणवतो. श्रीमंत देशांत 11 टक्क्यांना.

एकल म्हणजे एकटी नव्हे. 2011 मध्ये एकाच माणसाची कुटुंबे 3.7 टक्केच होती. बहुतेक एकल बायका कोणाच्या ना कोणाच्या सोबत राहतात. साठीनंतर फरक दिसतो. 2017-18 च्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीत त्या वयोगटातले 2.5 टक्के पुरुष एकटे राहत होते, स्त्रिया 8.6 टक्के.

आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याची लोकसंख्या 2011 मध्ये 4.02 लाख होती, तलासरीची 1.55 लाख; तलासरीत दहातले नऊ जण आदिवासी. इथल्या पाड्यावर मजुरीवरून परतलेल्या बाईची सोबत बहुधा परसातच असते. दिवेलागणीला डालग्याखाली कोंबड्या डालताना ती त्या मोजते. एक कमी भरली तर हाका मारत शेजारचे कुंपण धुंडाळते. अडीनडीला विकायचीही हीच कोंबडी. ती दगावली तर सोबत आणि शिल्लक दोन्ही जातात.

पशुगणनेनुसार 2012 ते 2019 या काळात देशातले परसातले पक्षी 45.8 टक्क्यांनी वाढून 31.7 कोटी झाले. व्यावसायिक पोल्ट्रीची वाढ 4.5 टक्के. शेळ्या 10.1 टक्क्यांनी वाढून 14.89 कोटींवर गेल्या. गणनेच्या लेखी हे सारे पशुधन.

कुत्र्याचा हिशेब आणखी अवघड. 2019 मध्ये भटकी कुत्री 1.53 कोटी होती, 2012 मध्ये 1.71 कोटी. पाड्यावरचे कुत्रे दोन घरी जेवते आणि तिसऱ्याच्या ओट्यावर झोपते. ते पाळीव की भटके, हे प्रगणकाने कोणाला विचारले त्यावर ठरते.

ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत जनावरांची देखभाल मुख्यतः स्त्री करते की पुरुष, याची प्रथमच नोंद झाली. घरात माणसे किती, हे जनगणना विचारते. तिची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागासाठी 1 मार्च 2027 आहे आणि तिच्यात कोंबड्यांसाठी रकाना नाही.