जबड्याच्या सांध्याची चित्रतपासणी

कानाच्या अगदी पुढे, खालच्या जबड्याचे गोलसर टोक कानशिलाच्या हाडातील खळग्यात बसते. या दोहोंमध्ये तंतुमय कूर्चेची लवचीक चकती असते. तिच्या कडा जाड आणि मध्यभाग पातळ असतो. तोंड मिटलेले असताना तिची मागची जाड कड टोकाच्या बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी असते. चकती सरकते ती बहुधा पुढे. तोंड उघडताना ती परत जागेवर आली तर ‘कट्’ असा आवाज होतो; आली नाही तर, विशेषतः सुरुवातीच्या काळात, तोंड पुरते उघडत नाही.

चकती साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआयच हवा, आणि तोही तोंड मिटून व उघडून अशा दोन्ही स्थितींत. केवळ मिटलेल्या तोंडाच्या चित्रांवरून चकती परत जागेवर येते की नाही, हे कळत नाही. सांध्यात साचलेले पाणीही एमआरआयमध्ये दिसते. हाडाचा आकार मात्र सीबीसीटी (शंकूच्या आकाराच्या किरणांनी केलेला सीटी स्कॅन) अधिक स्पष्ट दाखवतो: टोक चपटे होणे, पृष्ठभाग झिजणे, कडेला हाडाचे टोकदार काटे वाढणे. दंतवैद्याकडे नेहमी काढली जाणारी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकसलग एक्स-रे) फक्त ढोबळ बदल दाखवते.

कसलाही त्रास नसलेल्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत एमआरआयवर सरकलेली चकती आढळते. म्हणून केवळ अहवाल वाचून घाबरू नये. वेदना, तोंडाची उघडझाप आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी यांच्या जोडीनेच तो वाचावा.