अवाढव्य जीप, भाड्याचा ट्रेलर : सौद्याआधी वजन आणि माप

आपल्याकडे बिऱ्हाड हलवायचे म्हटले की टेम्पो ठरवायचा, चार हमाल बोलवायचे आणि घासाघीस करून भाडे नक्की करायचे, अशी रीत आहे. स्वतःची गाडी असेल तर मालक ती चालवत मागून येतो. अमेरिकेत मजुरी महाग आणि अंतरे लांब. त्यामुळे तिथला मध्यमवर्गीय माणूस सामानाचा ट्रक भाड्याने घेतो, तो स्वतःच चालवतो आणि घरची मोटार भाड्याच्या ट्रेलरवर चढवून त्याच ट्रकामागे जोडतो. शिकागोहून ह्यूस्टनला जायचे तर हा प्रवास सुमारे १,७०० किलोमीटरचा होतो. एकाच चालकात ट्रक आणि मोटार दोन्ही पोहोचतात, हा त्यातला फायदा.

साध्या मोटारीच्या बाबतीत हा हिशोब चोख बसतो. पण मालकाकडे डोंगरदऱ्यांत फिरण्यासाठी उंच केलेली, रुंद टायरांची, लोखंडी बंपर लावलेली अवाढव्य जीप असेल तर तोच हिशोब कोलमडतो. आपल्या वाचकांत गॅरेजवाले, वेल्डर, टेम्पो-ट्रकचे मालक आणि क्रेनचा व्यवसाय करणारे बंधू पुष्कळ आहेत. हा विषय परदेशातला असला तरी त्यातला धडा त्यांच्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहोत.

या धंद्याची सुरुवात

अमेरिकेत स्वतः ओढून नेण्याच्या ट्रेलरचा धंदा देशभर पसरवला तो यू-हॉल या कंपनीने. नौदलातून बाहेर पडलेले लिओनार्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनी १९४५ साली वॉशिंग्टन राज्यातील रिजफील्ड या गावी, सुमारे ५,००० डॉलरच्या भांडवलावर हा धंदा सुरू केला. स्वतःचे बिऱ्हाड लॉस एंजेलिसहून पोर्टलंडकडे हलवताना त्यांना एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडता येईल असा ट्रेलर मिळाला नव्हता. ती अडचण हेच त्यांनी धंद्याचे बीज केले. दुकाने बांधण्यात पैसा न घालता त्यांनी पेट्रोल पंपवाल्यांनाच एजंट नेमले. कमी भांडवलात जाळे कसे पसरवावे, याचा हा उत्तम नमुना आहे.

ट्रेलर पेलतो किती?

या कंपनीचा चारही चाके वर घेणारा मोटारीचा ट्रेलर रिकामा असताना २,२१० पौंड, म्हणजे सुमारे १,००० किलो वजनाचा आहे. त्यावर जास्तीत जास्त ५,२९० पौंडांची, म्हणजे सुमारे २,४०० किलोंची गाडी चढवता येते. दोन्ही मिळून ७,५०० पौंड ही शेवटची मर्यादा. चाळणी, धुरा, टायर आणि ब्रेक हे सर्व या आकड्याला धरून बनवलेले असतात. "थोडे जास्त चालते" ही आपल्याकडची सवय इथे उपयोगी पडत नाही.

आता जीपचा हिशोब करून पाहू. चार दरवाजांची जीप रँगलर रुबिकॉन कारखान्यातून निघते तेव्हा साधारण ४,४५० पौंडांची असते. म्हणजे मर्यादेच्या आत ८४० पौंड जागा शिल्लक आहे. मालक ३७ इंची टायर बसवतो. असे एकेक चाक रिमसह शंभर पौंडांच्या पुढे जाते. स्टेपनी धरून पाच चाकांचे मिळून २०० पौंड वाढले असे धरू. पुढचा-मागचा पोलादी बंपर आणि विंच यांचे ३०० पौंड. पोटाखालच्या संरक्षक पत्र्यांचे १५०. मग अवजारांची पेटी, जॅक, साखळदंड, टपावरचा कॅरिअर असे आणखी २०० पौंड. एकूण बेरीज ५,३०० पौंड. एकही वस्तू फार जड नाही, तरी गाडी मर्यादेच्या १० पौंड पुढे गेली. आणि बिऱ्हाड हलवताना "गाडी रिकामीच तर आहे" म्हणून मालक तिच्यात भांड्यांची खोकी भरतो, ती वेगळीच!

म्हणूनच कागदावरच्या वजनावर विसंबू नये. अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे भुईकाटे १९७७ पासून आहेत. किरकोळ पैसे देऊन गाडीचे खरे वजन छापील चिठ्ठीवर मिळते. सौदा ठरवण्याआधी ही चिठ्ठी हाती असावी.

रुंदीचे कोडे

वजन बसले तरी रुंदी बसेल असे नाही. अमेरिकेत मुख्य महामार्गांवर वाहनाची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट, ही मर्यादा १९८२ च्या कायद्याने ठरली. ट्रेलरची चाके आणि मडगार्ड दोन्ही बाजूंना मिळून सुमारे वीस इंच जागा खातात. म्हणजे मधोमध गाडीसाठी उरते ती जेमतेम ८२ इंच. ट्रेलर बनवणाऱ्याने मनात आणले तरी यापेक्षा फारशी वाढ करता येत नाही, कारण बाहेरून कायद्याची भिंत आहे.

लष्करी हमवी गाडीवरून तयार झालेली हमर १९९२ साली सामान्य ग्राहकांसाठी विक्रीला आली आणि २००६ साली तिचे उत्पादन थांबले. जुन्या गाड्या आजही शौकिनांकडे आहेत. आरसे सोडून तिची रुंदी साडेशहाऐंशी इंच. चाकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजले तरी सुमारे ८४ इंच भरतात. वजन ७,००० पौंडांच्या घरात. म्हणजे यू-हॉलच्या ट्रेलरवर ती वजनाने बसत नाही आणि रुंदीनेही बसत नाही. २०१० चे मॉडेल म्हणून बाजारात आलेल्या फोर्ड रॅप्टर पिकअपचीही हीच गत. रुंदी ८६ इंचांच्या आसपास आणि वजन सुमारे ६,००० पौंड.

इथे कारागिराने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकात दिलेली रुंदी ही बॉडीची असते. ट्रेलरवर अडते ते टायर. बॉडी मडगार्डच्या वर थोडी बाहेर आली तर चालून जाते, पण टायर मडगार्डला घासले तर गाडी चढणारच नाही. शिवाय चाके बाहेर काढण्यासाठी प्रत्येक बाजूला दीड इंचाचा स्पेसर घातला की एकूण रुंदी तीन इंचांनी वाढते. म्हणून गाडी सपाट जमिनीवर उभी करून टायरांच्या बाहेरच्या फुगवट्यापासून फुगवट्यापर्यंत टेप धरावी.

टायर बांधण्याच्या पट्ट्याचीही तीच कथा. भाड्याच्या ट्रेलरवर पुढच्या चाकांवरून जाणारा रॅचेटचा पट्टा असतो. तो साध्या मोटारीच्या चाकाला बेतलेला. ३७ इंची टायरवर तो पुरत नाही किंवा नीट बसत नाही. ओढूनताणून अडकवलेला पट्टा वाटेत सुटला तर काय होईल, हे सांगायला नको.

ओढणे सोपे, थांबवणे कठीण

इंजिन ताकदवान असले की काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. खरे पाहता ओढण्यापेक्षा थांबवणे कठीण आहे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ते चालकाच्या पायाने नव्हे तर धक्क्याने लागतात. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिच्यावर रेटतो. त्या रेट्याने जोडाचा दांडा मागे सरकून तेलाचा दाब तयार होतो आणि ट्रेलरची चाके धरली जातात. मर्यादेपलीकडचे वजन लादले की हे ब्रेक अपुरे पडतात आणि मागचे ओझे पुढच्या गाडीलाच ढकलू लागते.

दुसरा धोका हेलकाव्यांचा. ट्रेलरवरचे वजन मागच्या बाजूला जास्त झाले की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. म्हणून साधारण साठ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवायचा नियम आहे आणि इंजिनाची बाजू पुढे करूनच गाडी चढवायची असते. हेलकावे सुरू झालेच तर जोरात ब्रेक मारू नये, वेग वाढवू नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. यू-हॉलने ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली आहे ती यासाठीच.

ओढणारे वाहनही तपासले पाहिजे. चार दरवाजांच्या बहुतेक रँगलरची स्वतःची ओढण्याची क्षमता साधारण ३,५०० पौंड आहे. म्हणजे एका जीपने भरलेल्या ट्रेलरवरची दुसरी जीप ओढण्याचा बेत कागदावरच रद्द होतो.

मग मार्ग कोणते?

पहिला मार्ग वजन आणि रुंदी कमी करण्याचा. जुनी मूळ चाके सांभाळून ठेवली असतील तर प्रवासापुरती तीच बसवावीत. रुंदी घटते, वजन घटते आणि पट्टाही बसतो. मोठी चाके, विंच, अवजारांची पेटी सामानाच्या ट्रकात टाकावी.

दुसरा मार्ग बांधकामाची यंत्रे भाड्याने देणाऱ्या दुकानांचा. तिथे १०,००० आणि १४,००० पौंड एकूण वजनाचे भक्कम ट्रेलर मिळतात. काहींचा तळ चाकांच्या वरून जातो, त्यामुळे पूर्ण १०२ इंच रुंदी वापरता येते. मात्र ते ओढायला दणकट पिकअप लागते. ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा आणि दोन्ही वाहनांची ठरलेली एकूण क्षमता २६,००० पौंडांच्या वर गेली तर व्यावसायिक परवान्याचा प्रश्न येतो. असे दुकान बहुधा ट्रेलर परत त्याच ठिकाणी मागते, म्हणून येण्या-जाण्याचा खर्च आधी धरावा.

तिसरा मार्ग गाडी वाहतूकदाराच्या हवाली करण्याचा. मोठ्या आकाराला तो जादा दर लावतो. त्याला उंची, रुंदी, वजन खरे सांगावे, नाहीतर गाडी चढवायच्या दिवशी भांडण ठरलेले.

चौथा मार्ग रँगलरसारख्या गाड्यांपुरता. तिचा ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये टाकून, चारही चाके रस्त्यावर ठेवून टो-बारने ओढता येते. त्यासाठी गाडीच्या पुस्तकातील कृती तंतोतंत पाळावी, जास्तीच्या ब्रेकची सोय करावी आणि भाड्याच्या ट्रकामागे असे जोडण्याची परवानगी आधी घ्यावी.

नकार हीही धंद्याची शिस्त

यू-हॉलच्या खिडकीवर ओढणारी आणि चढवायची, अशा दोन्ही गाड्यांचे नाव आणि साल विचारतात. जोडी बसत नसेल तर ट्रेलर देत नाहीत. २००३ च्या अखेरीस या कंपनीने फोर्ड एक्सप्लोरर गाडीमागे ट्रेलर देणेच बंद केले. कारण सुरक्षेचे नसून कोर्टकचेऱ्यांच्या खर्चाचे आहे, असे तिने सांगितले. २०१३ साली २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांपुरती ही बंदी उठली. दहा वर्षे कंपनीने एका लोकप्रिय गाडीचे गिऱ्हाईक परत पाठवले. एका दिवसाच्या भाड्यापेक्षा एका दाव्याचा खर्च मोठा, हा त्यामागचा सरळ हिशोब.

गिऱ्हाईकानेही हे समजून घ्यावे. उंच केलेली, मोठ्या टायरांची जीप "साधीच आहे" असे सांगून ट्रेलर मिळवला तर भाडे वाचत नाही, जोखीम आपल्या अंगावर येते. खोटी माहिती देऊन केलेल्या करारावर नुकसानभरपाई मागायला तोंड राहत नाही. भाड्याची वस्तू ही अमानत आहे आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव तर त्याहून मोठी अमानत.

आपल्याकडे स्वतः जोडून नेण्याचे ट्रेलर भाड्याने देण्याची पद्धत रुळलेली नाही. पण जीप उंच करण्याचा, रुंद टायर बसवण्याचा शौक पुणे-मुंबईपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे आणि ते काम करणारे हात बहुधा आपल्याच गॅरेजमधले असतात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. गिऱ्हाईक आग्रह धरते म्हणून कारागिराने मुकाट्याने काम करू नये. काय चालते आणि काय चालत नाही हे तोंडावर सांगावे. जे काम कायद्यात बसते त्याच्या बिलावर कोणती वस्तू बसवली, तिचे वजन किती आणि रुंदी किती वाढली, एवढे तीन आकडे लिहून द्यावेत. क्रेन किंवा फ्लॅटबेड चालवणाऱ्यानेही फोनवर भाडे सांगण्यापूर्वी हेच आकडे विचारावेत.

टेप आणि भुईकाटा यांना पैसा लागतो तो नाममात्र. पण सौदा ठरण्याआधी त्यांचा वापर झाला तर गिऱ्हाईकाचा माल, कारागिराचे नाव आणि रस्त्यावरचे जीव, तिन्ही सलामत राहतात.