घंटा वाजते, पण सांगत काहीच नाही

२४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळ आशुलिया येथील ताजरीन फॅशन्स या तयार कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. तळमजल्यावर सूत व कापडाचा साठा होता, आग तेथूनच भडकली. धोक्याची घंटा वाजली होती. परंतु काही नाही म्हणून साहेबांनी आम्हांला कामावर परत बसविले, असे बचावलेल्या कामगारांनी सांगितले. किमान ११२ जीव गेले.

घंटा फक्त आवाज करते. आग कोठे आहे, कोणत्या जिन्याने उतरावे, हे ती सांगत नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि मोलाची मिनिटे जातात. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या भुयारी रेल्वे स्टेशनवर याची चाचणी झाली व १९९१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या घंटेने जवळजवळ पंधरा मिनिटांतही स्टेशन रिकामे झाले नाही. ध्वनिक्षेपकावरून नेमक्या सूचना दिल्या, तेव्हा सहा मिनिटांच्या आत झाले.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. नमाजसाठी कसे बोलवावे याचा मदिनेत विचार झाला, तेव्हा शिंग व नाकूस यांचीही सूचना आली होती. अखेर माणसाचा आवाजच निवडला गेला आणि हजरत बिलाल (रजि.) यांनी अजान दिली.

बोलत्या इशारा यंत्रणेत आग ओळखणारे सेन्सर, कंट्रोल पॅनल, अॅम्प्लिफायर व मजल्यामजल्यावर स्पीकर असतात. वीज गेली तरी चालावी म्हणून वेगळी बॅटरी व आग सोसणारी वायर असते. आधी रेकॉर्ड केलेला संदेश वाजतो, गरज पडल्यास जबाबदार माणूस माइकवरून बोलतो. उंच इमारतीत धोक्याचे मजले आधी रिकामे करवितात, म्हणजे जिन्यात चेंगराचेंगरी होत नाही.

मागांच्या खडखडाटात मात्र शब्द ऐकू येत नाहीत. तेथे इशाऱ्याबरोबर मागांची लाइन बंद व्हावी, लुकलुकणारे दिवे लागावेत, पण जिन्यातील उजेड राहावा. संदेश मजुरांना समजणाऱ्या भाषेत, दोन-तीन वाक्यांचाच असावा.

लहान कारखानदाराने निदान बॅटरीवरचा भोंगा घ्यावा, कोण बोलणार व काय बोलणार हे आजच ठरवावे आणि वर्षातून दोनदा सराव करावा. दाराला कुलूप असेल तर कोणताही आवाज कामाचा नाही. हाताखालच्या माणसांचे जीव आपल्याकडे अमानत आहेत. त्याचा हिशेब द्यावा लागणार आहे.